मस्तानीसाठी ढाळलेले अश्रू

(मंडळाच्या बोरी अरब येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेले व्याख्यान)



व्याख्यात्याने आरंभी आपली अपात्रता सांगावी असा आपल्याकडे प्रघात आहे. माझ्या बाबतीत त्यात विनयाचा भाग नाही; ती वस्तुस्थितीच आहे. मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकविले. चित्रपटांचा मी जाणकार नाही. चिटणीसांनी मला नेमून दिलेला विषय निराळाच होता आणि त्याची टिपणे अद्याप माझ्या खिशात आहेत. परंतु काल रात्री समाजमंदिराच्या अंगणात पडदा लावून 'बाजीराव मस्तानी' हा चित्रपट दाखविण्यात आला, आणि आज सकाळी चिटणीस माझ्याकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, टिपणे राहू द्या. मंडळी उठल्यापासून त्या चित्रपटाविषयीच बोलत आहेत. तुम्हीही त्यावरच बोला." म्हणून आज मी आपल्यापुढे उभा आहे.

काल रात्रीचे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. अडाण नदीवरून बोचरे वारे येत होते. कापसाच्या वेचणीचे दिवस असूनही दारव्हा, दिग्रस, नेर आणि यवतमाळहून कुटुंबे आली होती. घोंगड्या आणि शाली पांघरून म्हातारी माणसे पुढे बसली, मुले त्यांच्या मांडीवर झोपली, आणि अडीच तासांहून अधिक वेळ कोणी जागचे हलले नाही. शेवटी दिवे लागले तेव्हा डोळे न पुसणारा माणूस मला तरी दिसला नाही. मी स्वतःही त्यांतलाच होतो.

आज सकाळी चहाचा पेला हाती घेऊन मी या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरलो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : "काल पाहिलेत, ते कसे वाटले?" जी उत्तरे मिळाली, ती आधी आपल्यापुढे मांडतो. त्यांवरचे माझे म्हणणे शेवटी सांगेन.

पहिला वर्ग इतिहासप्रेमी मंडळींचा. त्यांचा सूर नाराजीचा होता. त्यांचे म्हणणे असे की, ज्या पुरुषाने १७२० साली, वयाच्या विसाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे घेतली, २८ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेड येथे निजामाला कोंडीत पकडले आणि पुढे मराठ्यांचे घोडे थेट दिल्लीपर्यंत नेले, त्याला पडद्यावर नाचताना दाखविणे हे अनुचित होय. त्यांची हरकत मला मान्य आहे. शनिवारवाड्याचा जो आरसेमहाल आपण काल पाहिला, तो कलावंताच्या कल्पनेतला आहे. खऱ्या वाड्याची पायाभरणी १७३० साली झाली व वास्तुशांत १७३२ साली. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या. आज तेथे तट, दरवाजे आणि जोती तेवढी उभी आहेत. जेथे पुरावा नाही तेथे चित्रपटकार आपल्या मनातले बांधतो.

मात्र या मंडळींना मी एक आठवण करून दिली. चित्रपटाच्या आरंभीच तो ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' या कादंबरीवर आधारलेला असल्याचे सांगितले आहे. ती कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली. कादंबरीकार इतिहासातून वेचतो आणि चित्रपटकार कादंबरीतून वेचतो. दोनदा चाळलेल्या धान्यात मूळ शेताची माती शोधू नये. हा प्रकार आजचाही नव्हे. १९६० साली के. आसिफ यांचा 'मुगल-ए-आझम' आला, तेव्हा अनारकली नावाची स्त्री इतिहासात होती की नाही हेच निश्चित नव्हते, आजही नाही. तरीही तो चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला. आणखी एक सांगतो. बाजीरावांच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धात आपल्या याच जिल्ह्यात भाम येथे कान्होजी भोसले यांचे ठाणे होते. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? पडद्यावरच्या चुका मोजणाऱ्याने आपल्या पायाखालची माहितीही ठेवावी, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा वर्ग भगिनींचा. त्यांचे परीक्षण मला अधिक बारकाईचे वाटले. नऊवारी कशी नेसली होती, निऱ्या कोठे होत्या, नथ कोणत्या घाटाची होती, यांतले काहीही त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. काशीबाई आणि मस्तानी यांच्या एकत्र नृत्याविषयी मात्र त्यांच्यात दोन तट पडले. एक भगिनी म्हणाल्या, "पिंगा हा मंगळागौरीचा खेळ. बायकांनी बायकांत खेळायचा. आपल्याकडे भुलाबाईची गाणी जशी अंगणात म्हणतात, तसा तो घरातला आनंद. त्याचा तमाशा कशाला करावा?" त्यांना प्रत्युत्तर देणारी सून म्हणाली, "दोघी बायका क्षणभर का होईना एकमेकींकडे पाहून हसल्या, हे मला आवडले. खरे असो की खोटे असो."

चित्रपट १८ डिसेंबर २०१५ रोजी प्रदर्शित झाला, त्याच्या आधीपासूनच महाराष्ट्रात या गाण्यावर मोठा गदारोळ झाला होता. पेशवे घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली. काशीबाईंना पायाचा विकार होता, त्या अशा नाचणे शक्य नाही, असे म्हटले गेले. पुण्यात निदर्शने झाली व काही खेळ रद्द करावे लागले. पुढे २०१८ साली 'पद्मावती'ला 'पद्मावत' असे नाव घेऊन यावे लागले, आणि २०२५ साली 'छावा'तील लेझीमचे दृश्य लोकांनी आक्षेप घेतल्यावर दिग्दर्शकाने काढून टाकले. आपल्या पूर्वजांच्या प्रतिष्ठेविषयी समाज किती हळवा असतो, हे यावरून दिसते. हा हळवेपणा मी वाईट म्हणत नाही. परंतु तो कोठे जागा होतो आणि कोठे झोपी जातो, हे पाहण्यासारखे आहे.

तिसरा वर्ग तरुणांचा. त्यांना लढाया आवडल्या, घोडे आवडले, संवाद तर काहींना पाठच होते. महाविद्यालयात जाणारा एक मुलगा मला हसून म्हणाला, "गुरुजी, हा चित्रपट आहे, इतिहासाची प्रश्नपत्रिका नाही." मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. परंतु त्याच्या शेजारी उभी असलेली मुलगी काहीच बोलली नाही. ती का बोलली नाही, हे मी तिला विचारले नाही. आता वाटते, विचारायला हवे होते.

चौथे मत एका प्रौढ भगिनीचे. त्या म्हणाल्या, "सगळे मस्तानीसाठी रडले. मी काशीबाईसाठी रडले. तिने काय गुन्हा केला होता? आपल्या खोलीत बसून तिला आरशात दुसरीचे सुख पाहावे लागले." हे मत मला फार मोलाचे वाटले. प्रेमकथेत एका बाजूला न्याय देताना दुसऱ्या बाजूच्या माणसाचे घर मोडते, हे विसरून चालणार नाही. राधाबाईंचे काम करणाऱ्या तन्वी आझमी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु त्या कठोर सासूचीही एक बाजू होतीच. घराण्याची घडी विस्कटू नये असे तिला वाटत होते. तसे आपल्यातील पुष्कळांना वाटते.

एवढी मते गोळा करून मी व्यासपीठाकडे येत होतो, तोच उन्हात बसलेल्या एका आजीने मला हाताने खुणावून बोलाविले. त्यांचे वय नव्वदीच्या घरातले. त्यांनी ना लढाईविषयी विचारले, ना लुगड्याविषयी. त्या म्हणाल्या, "मास्तर, ते दोघं त मेले. पन त्या पोट्ट्याचं काय झालं मंग?"

मंडळी, खरे सांगतो, एवढ्या लोकांत हा प्रश्न दुसऱ्या कोणालाही सुचला नव्हता. चित्रपट नायक-नायिकेच्या मृत्यूपाशी संपतो आणि आपणही तेथेच रडून उठतो. त्या मुलाच्या बारशाला ब्राह्मणांनी नकार दिल्याचा प्रसंग आपण काल पाहिला. आई मुसलमान, म्हणून विधी होणार नाही. तेव्हा बाप रागाने त्याचे नाव समशेर बहादूर ठेवतो. त्या मुलाचे पुढे काय झाले?

शिक्षकाला प्रश्न विचारला की त्याला उत्तर द्यावेच लागते. मी आजीजवळ खाली बसलो आणि सांगितले. ज्या १७३४ साली काशीबाईंच्या पोटी राघोबादादा जन्मले, त्याच साली मस्तानीच्या पोटी हा मुलगा जन्मला. १७४० च्या आरंभी पुण्यात राघोबादादांची मुंज आणि सदाशिवरावभाऊंचे लग्न झाले, तेव्हा घरचा कर्ता पुरुष बाजीराव मोहिमेवर होता आणि मस्तानी पुण्यात नजरकैदेत होती. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांनी देह ठेवला. पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पुणे जिल्ह्यात पाबळ येथे आहे. सहा वर्षांचे पोर आईबापांवाचून राहिले. त्याला पेशव्यांच्याच घरात वाढविण्यात आले, आणि त्याचा सांभाळ काशीबाईंनी केला असे सांगतात. ज्या बाईसाठी आपल्या एका भगिनीने काल अश्रू ढाळले, तिने सवतीच्या मुलाला जवळ केले.

तो मुलगा मोठा होऊन पेशव्यांच्या सैन्यात लढला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तो भाऊसाहेबांबरोबर उभा होता. तेथे तो जबर जखमी झाला आणि त्या जखमांनीच थोड्या दिवसांत वारला. वय सत्तावीसच्या आसपास. ज्या घराने त्याच्या आईला उंबरठ्याच्या आत घेतले नाही, त्याच घरासाठी तो मेला. त्याचा मुलगा अली बहादूर याने बुंदेलखंडात बांदा येथे आपले राज्य उभारले. त्याच वंशातील दुसरे अली बहादूर १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उठले आणि आपले संस्थान गमावून बसले.

आजींनी सगळे शांतपणे ऐकले. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे पोट्टं चांगलं निंगालं." एवढे बोलून त्यांनी डोळे मिटले.

सद्गृहस्थहो, माझे व्याख्यान खरे तर येथे संपायला हवे होते. परंतु आजींच्या प्रश्नाने माझ्या मनात दुसरा एक प्रश्न उभा केला, आणि तो मी आपल्यापासून लपविणार नाही. त्याचा संबंध चित्रपटाशी कमी आणि आपल्याशी अधिक आहे.

माझ्या थोरल्या बंधूंची मुलगी माझ्याच घरी राहून शिकली. तिला मी व्याकरण शिकविले, सायकल शिकविली. पुढे तिने आपल्या ज्ञातीबाहेरच्या एका तरुणाशी यवतमाळला नोंदणी पद्धतीने विवाह केला. मुलगा सुशिक्षित, निर्व्यसनी, नोकरी करणारा. त्याच्यात उणे काढायला जागा नव्हती, म्हणूनच कदाचित आम्हांला राग अधिक आला. विवाहाच्या दिवशी तिने मला बोलाविले होते. शाळेत परीक्षा आहेत असे सांगून मी गेलो नाही. परीक्षा आदल्या आठवड्यातच संपल्या होत्या.

त्यानंतर मंडळाने कुटुंबसूचीची नवी आवृत्ती काढण्याचे ठरविले आणि मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. बंधूंच्या कुटुंबाच्या नोंदीत तिचे नाव होते. मी ते लाल पेन्सिलीने खोडले. मला कोणी तसे सांगितले नव्हते. मंडळाच्या घटनेत तसे कलम नाही. कार्यकारिणीने तसा ठराव केला नव्हता. तरीही मी ते केले, आणि पुढच्या दोन आवृत्त्यांत अशा प्रकारची आणखी कित्येक नावे गळाली. ती कोणी गाळली हे कोणालाच विचारावे लागले नाही, कारण वाट मी दाखवून ठेवली होती.

२०१५ साली हाच चित्रपट मी पत्नीसह यवतमाळला जाऊन पाहिला होता. तेव्हाही रडलो होतो. परतताना एसटीत पत्नी म्हणाली, "तिचे दिवाळीचे पत्र फळीवर तसेच पडले आहे, उत्तर तरी लिहा." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. बंधू वारले तेव्हा ती आली. तेरवीला अंगणाच्या कडेला आपल्या मुलाचा हात धरून उभी होती. पंगत बसली तेव्हा मी तिला पुढे बोलाविले नाही.

आज सकाळी आजींनी मला दोनशे नव्वद वर्षांपूर्वी जन्मलेल्या एका मुलाविषयी विचारले. त्याचे जन्मसाल, त्याची लढाई, त्याचे मरण, त्याचे वंशज, सर्व मी घडाघडा सांगितले. त्याच क्षणी माझ्या लक्षात आले की, माझ्या पुतणीचा मुलगा सध्या कोणत्या वर्गात शिकतो, हे मला ठाऊक नाही. त्याचे नावही मला चटकन आठवेना.

मी येथे कोणाला उपदेश करण्यास उभा नाही. तो अधिकार मी लाल पेन्सिलीने स्वतःच खोडून टाकला आहे. परंतु काल अश्रू ढाळणाऱ्या आपणां सर्वांना मी नम्रपणे विचारतो : आपण कोणासाठी रडलो? पडद्यावरच्या मस्तानीसाठी रडणे सोपे आहे, कारण ती आपल्या दारात येऊन उभी राहणार नाही. तिला ताट वाढावे लागणार नाही. तिच्या मुलाला आपल्या मुलांच्या रांगेत बसवावे लागणार नाही. चित्रपटाने निऱ्या चुकविल्या असतील, पिंगा चुकविला असेल. परंतु बंद दारापुढे उभ्या असलेल्या बाईचा चेहरा त्याने चुकविला नाही. तो आपण ओळखला. कारण तो आपण पाहिलेला आहे.

मला याचे एक उत्तर मिळेल, हे मी जाणतो. कोणी म्हणतील, गुरुजी, मंडळ हे ज्ञातीचे आहे. बाहेर गेलेल्यांना सूचीत घेतले, तर मंडळाला अर्थ काय उरला? हा प्रश्न प्रामाणिक आहे व त्याची टवाळी करू नये. आपला समाज लहान आहे. आपल्या आजोबांनी वर्गणी गोळा करून हे मंडळ उभे केले, ते गरीब विद्यार्थ्याला फी मिळावी, आजारी माणसाला मदत मिळावी, मुलीच्या लग्नात कोणी उघडे पडू नये म्हणून. परंतु या हेतूंपैकी एक तरी असा आहे काय, जो पुतणीचे नाव खोडल्यामुळे अधिक चांगला साधला? माझ्या पेन्सिलीने कोणत्या विद्यार्थ्याची फी भरली? सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्याने कायदा केला असून तो २०१७ पासून अमलात आहे. आपण कोणावर बहिष्कार घातला नाही, असे आपण म्हणू, आणि ते खरेही आहे. आपण फक्त नाव छापले नाही. पंगतीत फक्त हाक मारली नाही. कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे माणसाने स्वतः पोहोचावे लागते.

आणि समाज विरघळून जाईल ही भीती असेल, तर पुन्हा समशेर बहादुरांकडे पाहा. पेशव्यांच्या घराने त्या मुलाला उंबरठ्याच्या आत वाढविले म्हणून ते घर बुडाले नाही. संकटाच्या दिवशी जी माणसे भाऊसाहेबांच्या बाजूला उभी राहिली, त्यांत तो होता. आपल्या सूचीतून गळालेल्या मुलामुलींत उद्याचे किती डॉक्टर, किती शिक्षक, किती कर्ते शेतकरी असतील, हे आज आपल्याला सांगता येणार नाही. आपण त्यांची चौकशीच केलेली नाही.

म्हणून मी दोन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. पहिली सूचना मंडळाला. कुटुंबसूचीची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या मुलामुलींची नावे त्यांच्या आईवडिलांच्या नोंदीत, त्यांच्या जोडीदारांसह व अपत्यांसह छापावीत. ती छापावीत की नाही हे त्या त्या व्यक्तीला विचारावे. खोडण्यापूर्वी आपण विचारले नव्हते, निदान लिहिण्यापूर्वी विचारू. या सूचनेवर आज मतदान घेऊ नये अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. आपण घरी जाऊन विचार करावा, घरातल्या बायकांशी बोलावे, आणि पुढील संमेलनात निर्णय घ्यावा.

दुसरी गोष्ट मंडळाकडे मागण्यासारखी नाही. ती माझी मला करावयाची आहे. संमेलन संपल्यावर मी घरी न जाता यवतमाळला जाणार आहे. पुतणीने दार उघडले तर आत जाईन, न उघडले तर तिच्या दारात थोडा वेळ उभा राहीन. दारात उभे राहणे कसे असते, हे मलाही एकदा कळावयास हवे. आणि आत गेलो तर सर्वांत आधी त्या मुलाला विचारीन, "बाळ, तुझे नाव काय, आणि तू कितवीत आहेस?"

चिटणीसांनी मला चित्रपटाविषयी लोकांची मते सांगावयास सांगितले होते. ती मी सांगितली. माझे मत विचाराल, तर चित्रपट चांगला आहे. त्यात दोष पुष्कळ आहेत, आणि ते आपण मोकळेपणाने दाखवावेत. परंतु काल रात्री अंगणात जे अश्रू पडले, ते खोटे नव्हते असे मला वाटते. ते आज दुपारच्या जेवणाबरोबर वाळून जाऊ नयेत.

 आजींना माझा नमस्कार सांगून मी आपली रजा घेतो.